निवृत्तीला चार महिने, हातात येणार ८० लाख: दरमहा ४५ हजार कसे उभे करावेत?

ओसरी
नमस्कार मंडळी. मार्चअखेर निवृत्त होतोय. चाकणला एका खासगी कारखान्यात क्वालिटीत आहे, फेब्रुवारीत साठी पूर्ण. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजा मिळून साधारण ८० लाख हातात येतील. चिंचवडला राहतं घर आहे, कर्ज नाही. मुलगा बंगळुरूला, त्याचं त्याचं बरं चाललंय. बायको ५७ वर्षांची, गृहिणी. ईपीएसची (पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची) पेन्शन ५८ पासून सुरू आहे, ती चार हजारांच्या घरात. म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स आणि वीजबिल सुटतं, बस.

आम्हा दोघांना महिना ४५ हजार लागतात. डायरीत लिहून काढलेला आकडा आहे, अंदाज नाही. हे पैसे कुठे ठेवावेत? बँकेतला एक मुलगा आत्तापासूनच "सर, तुमच्यासाठी खास प्लॅन आहे" म्हणून फोन करतोय. मेव्हणे म्हणतात मोशीला गाळा घे. शेअर बाजारातलं मला काही कळत नाही आणि या वयात शिकायची हौसही नाही. अनुभवी लोकांनी सांगावं.

साडेतीन_शहाणे
आधी शीर्षकातला आकडा बदला. ८ लाख करा. नातेवाईक आंतरजालावर असतात.

पोस्टमन
सुरुवात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेपासून करा, बाकीचं नंतर. सध्या ८.२ टक्के, कमाल ३० लाख (२०२३ च्या आधी १५ होते), मुदत ५ वर्षं, पुढे ३-३ वर्षं वाढवता येते. व्याज दर तिमाहीला. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० म्हणजे महिन्याला २०,५०० पडतात. पोस्टातच जायला हवं असं नाही, बँकांतही खातं उघडता येतं.

दुसरं, पोस्टाची मासिक प्राप्ती योजना. ७.४ टक्के, एकट्याला ९ लाख, जोडखात्यात १५ लाख. १५ लाखांवर महिन्याला ९,२५०. दोन्ही सरकारी. रात्री झोप लागते.

काळा_चहा
एवढा विचार कशाला? नवऱ्याच्या नावे ३०, बायकोच्या नावे ३०. ६० लाखांवर ८.२ म्हणजे महिन्याला ४१ हजार. वर पेन्शन चार. झाले की ४५! धागा बंद करा.

पोस्टमन
@काळा_चहा, वहिनी ५७ च्या आहेत, धागा नीट वाचा. साठच्या आत हे खातं फक्त निवृत्त झालेल्यांना, तेही ५५ नंतर आणि निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत. गृहिणीला साठ पूर्ण व्हायलाच लागतात. ओसरींच्या खात्यात वहिनी जोड खातेदार होऊ शकतात, त्यांच्या वयाची अट नाही, पण मर्यादा तीच ३० लाखांची राहते. सगळी रक्कम पहिल्या खातेदाराची धरतात.

काळा_चहा
बरं बाबा. धागा उघडा.

दर्यावर्दी
सगळे पोस्टात चाललेत म्हणून वेगळं सांगतो. ८० लाख एका चांगल्या बॅलन्स्ड फंडात (शेअर आणि रोखे मिसळलेला) टाका आणि एसडब्ल्यूपी लावा, म्हणजे फंडातून दरमहा ठरावीक रक्कम काढत राहा. महिन्याला १ टक्का काढला तर ८० हजार! मूळ रक्कमही वाढत राहते. माझे तीन-चार क्लायंट मजेत आहेत.

खमंग_काकडी
क्लायंट म्हणालात, तिथेच कळलं. :)

मोजपट्टी
@दर्यावर्दी, महिन्याला १ टक्का म्हणजे वर्षाला १२ टक्के काढणं. बाजार वर असेतो गंमत वाटते. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या आसपास होता, ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली गेला. २०२० मध्ये जानेवारीत ४२ हजार, २३ मार्चला २६ हजारांच्या खाली. समजा असं वर्ष ओसरींच्या निवृत्तीनंतर पहिलंच आलं. ८० चे ५० लाख झाले तरी दरमहा ८० हजार चालूच. आता ते वर्षाला १९ टक्क्यांहून जास्त काढतायत. बाजार परत वर येईल तेव्हा वर यायला फंडाचे युनिट, म्हणजे हिस्से, किती उरलेले असतील?

सरासरी परतावा १२ टक्के असूनही माणूस कफल्लक होऊ शकतो, कारण वाईट वर्षं आधी आली की नंतर आली, याने फार फरक पडतो. पगार चालू असताना पडलेला बाजार फायद्याचा, कारण एसआयपीत (दरमहाच्या गुंतवणुकीत) स्वस्त युनिट मिळतात. काढणाऱ्याचं बरोबर उलटं, तो स्वस्तात विकत असतो. अमेरिकेत विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये हाच हिशेब मांडला तेव्हा पहिल्या वर्षी ४ टक्के आणि पुढे महागाईप्रमाणे वाढ, इतकंच ३० वर्षं टिकतं असं निघालं. ते आकडे तिथल्या बाजाराचे आणि तिथल्या महागाईचे. इथे बारा टक्के सांगणाऱ्याला नमस्कार करून उठावं.

एसडब्ल्यूपी वाईट नाही. दर वाईट आहे.

दर्यावर्दी
मोजपट्टी, २००८ नंतर कुठवर गेला तेही लिहा की. २०२४ मध्ये ८० हजारांच्या वर गेला.

मोजपट्टी
गेला ना. ज्याचे युनिट शिल्लक होते त्याला मिळाला.

रानजाई
कराचं थोडं लिहिते, रोजचं काम तेच आहे.

नवीन करप्रणालीत आता १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. व्याज आणि पेन्शन मिळून तुमचं उत्पन्न पाच-सहा लाखांवर जात नाही, तेव्हा कराची चिंता सोडा. कर वाचवण्यासाठी म्हणून कुणी काही विकायला आलं तर वाचवायला करच नाही असं सांगा. एक मेख आहे, शेअर आणि इक्विटी फंडाचा भांडवली नफा या सवलतीत बसत नाही, त्याचा कर वेगळा (वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा मात्र माफ). ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ५० हजारांची वजावट (आधीच्या कायद्यातली ८०टीटीबी) जुन्या प्रणालीतच आहे, तिच्या मागे लागू नका.

टीडीएसची (बँक व्याजातून आधीच कापते त्या कराची) मर्यादा ज्येष्ठांसाठी १ एप्रिल २०२५ पासून ५० हजारांची १ लाख झाली. तुमचं व्याज त्यावर जाईल. कर शून्य असेल तर टीडीएस कापू नका असा स्वघोषणेचा फॉर्म (आधीचा १५एच) भरून द्या, दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, प्रत्येक बँकेत वेगळा. विसरलात तर पैसे बुडत नाहीत, पण परताव्यासाठी रिटर्न भरून वाट बघत बसावं लागतं.

आणि "बायकोच्या नावावर टाकतो म्हणजे माझं उत्पन्न कमी दिसेल" हे होत नाही. तुम्ही दिलेल्या पैशावरचं व्याज तुमच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. तुमच्या बाबतीत एकत्र करूनही कर शून्यच, तेव्हा बेधडक तिच्या नावावर ठेवा, पण कारण वेगळं असू द्या.

निवृत्त_मास्तर
मी इथला सर्वांत म्हातारा असेन. माझ्याकडे अॅन्युइटी आहे (विमा कंपनीला एकरकमी पैसे द्यायचे, ती आयुष्यभर पेन्शन देते) आणि मी खूश आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रक्कम जमा होते, मरेपर्यंत होणार, आणि तिच्यापुढे ही जिवंत असेपर्यंत होणार. दर वाढो की पडो. कुठला फॉर्म नाही, नूतनीकरण नाही. तुम्ही साठीचे लोक व्याजदर बघता, ऐंशीला पोचलात की बँकेच्या पायऱ्या बघाल.

काळा_चहा
मास्तर, पण दर किती पडतो? भांडवल वारसाला परत मिळणारा पर्याय घेतला तर सहा-साडेसहाच्या आसपास, तोही आयुष्यभरासाठी गोठलेला. त्यापेक्षा एफडी बरी.

निवृत्त_मास्तर
२००४ साली ज्येष्ठ नागरिक योजना आली तेव्हा ९ टक्के होती. २०२० मध्ये ७.४ वर आली. आज ८.२ आहे. तुमच्या एफडीचा दर पाच वर्षांनी काय असेल ते लिहून द्या, मी सही करतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो (ती बँकांना कर्ज देते तो दर) साडेसहावरून सव्वापाचवर आणला, एफडीचे दर कसे घसरले ते बघताय ना? सगळे पैसे अॅन्युइटीत घाला असं मी म्हणत नाही. सत्तरीनंतर थोडे घाला, तेव्हा वयामुळे दरही जरा बरा मिळतो.

नाममात्र
इथे सगळे आजचे ४५ हजार उभे करतायत. ६ टक्के महागाई धरली तर बारा वर्षांनी याच संसाराला ९० हजार लागतील, ओसरी तेव्हा ७२ चे. पोस्टाचे ९,२५० तेव्हाही ९,२५० च असणार. म्हणून पहिल्या दिवसापासून सगळं व्याज खाल्लं तर पुढे मुद्दल खायची पाळी येते. २० लाख तरी असे ठेवा की ज्यांना सात-आठ वर्षं हात लावायचा नाही. बाजार आवडत नसेल तर साधा निफ्टीचा इंडेक्स फंड घ्या, तो निफ्टीतल्याच कंपन्यांत पैसे ठेवतो, त्यात कळण्यासारखं काही नाही, त्यामुळे न कळण्याचंही कारण नाही.

खमंग_काकडी
माझे सासरे ७८, त्यांचा खर्च उलट कमी झालाय. प्रवास बंद, कपडे बंद, हॉटेल पूर्वीही नव्हतंच.

नाममात्र
आणि औषधं?

खमंग_काकडी
ती धरली तर बरोबरीत सुटतात.

रानजाई
त्यावरून आठवलं. @ओसरी, कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. नोकरी चालू असतानाच स्वतःचा घ्या, जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ तेवढा आधी सुरू होईल. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेलाय. सत्तरीनंतर आयुष्मानचं ५ लाखांचं कवच उत्पन्न न बघता मिळतं, पण मधली दहा वर्षं तुमची तुम्हालाच काढायची आहेत. हा हप्ता तुमच्या ४५ हजारांत आहे का?

ओसरी
नाही. कंपनीचाच होता, त्यामुळे डायरीत तो आकडाच नाही. घरात आत्ताच विषय काढला, "इतकी वर्षं डायरी लिहून हे राहिलं?" असं उत्तर आलं.

वेशीबाहेरचा
आमच्या तालुक्याला पतसंस्था साडेअकरा टक्के देते. चेअरमन ओळखीचा आहे. लोक उगाच घाबरतात.

पोस्टमन
ठेव विमा बँकांना आहे, सहकारी बँकाही त्यात येतात, मुद्दल व्याज धरून एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत. पतसंस्थेला तो नाही. आणि बँकेतही बघा, पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला हजार रुपये काढता येत होते. विमा तेव्हा १ लाखाचा होता, ५ लाख झाला फेब्रुवारी २०२० मध्ये. चेअरमनची ओळख अशा वेळी फार तर चहा पाजते.

वेशीबाहेरचा
चहा चांगला असतो त्याचा.

दूरदेशी
थोडं विषयांतर. मी अबुधाबीत, ५९. पुढच्या वर्षी कायमचा नाशिकला परततोय. मला ही ८.२ वाली योजना आत्ता उघडता येईल का?

पोस्टमन
अनिवासी असेतो नाही. परत या, साठ पूर्ण होऊ द्या, निवासी म्हणून उघडा.

रानजाई
आणि आल्यावर एनआरई खाती (अनिवासींची इथली रुपयातली खाती) निवासी करून घ्यायची. ते व्याज करमुक्त असतं ते परत येईपर्यंत. लोक वर्षानुवर्षं तशीच ठेवतात आणि मग माझ्यासारख्यांकडे येतात. बाकीचं वेगळ्या धाग्यावर विचारा, इथे ओसरींची पंगत चालू आहे.

सुईदोरा
मी सहसा लिहीत नाही, वाचते. टक्केवारीवर सगळे बोलतायत म्हणून लिहिते.

माझे मिस्टर अचानक गेले. पैशाचं सगळं ते बघत. वाईट काही केलं नव्हतं, उलट अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून जिथे जाहिरात दिसेल तिथे एफडी करत. पावत्या कपाटात साड्यांच्या खालच्या कागदाखाली, काही पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात, एक तर एलआयसीच्या कॅलेंडरमागे. बऱ्याच त्यांच्या एकट्याच्या नावावर. दोन ठिकाणी नॉमिनी म्हणून सासूबाई, ज्या त्यांच्या आधीच गेलेल्या. त्या दोन ठेवींसाठी वारस दाखला, कोर्टाची तारीख, वकील. रक्कम काही फार नव्हती. मोबाइलचं सिम त्यांच्या नावावर, ते बंद झालं आणि सगळे ओटीपी तिकडेच जाणार. ओळखीच्या पोस्टातल्या बाईंनी एकेक अर्ज समोर बसून भरून घेतला म्हणून निभावलं.

तेव्हा ओसरीदादा, कुठे ठेवायचे ते ठरवा, पण तीन-चार जागांच्या वर जाऊ नका. प्रत्येक ठिकाणी जोड नाव, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात" असं लिहून. वहिनींना एकदा स्वतः बँकेत जाऊन व्याज काढू द्या, तुम्ही बाहेर थांबा.

निवृत्त_मास्तर
ताई, सगळ्या धाग्यात कामाचं हेच.

पोस्टमन
१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी देता येतात, वाटा ठरवूनही. जुन्या पावत्या काढून बघा, सगळ्यांनीच.

काळा_चहा
बघितल्या. एकावर बहिणीचं नाव, लग्नाआधीचं. घरी सांगितलेलं नाही.

साडेतीन_शहाणे
आता सगळ्या आंतरजालाला सांगितलंत.

ओसरी
सुईदोराताई, वाचून थांबलो थोडा वेळ. आभार.

गाळ्याबद्दल कुणीच बोललं नाही. मेव्हणे रोज विचारतात. ५५ लाख म्हणतोय बिल्डर, भाडं १८ हजार येईल म्हणे.

मोजपट्टी
वर्षाला २ लाख १६ हजार, म्हणजे ४ टक्क्यांच्या आत. त्यातून मालमत्ता कर, देखभाल, भाडेकरू बदलताना रिकामे जाणारे महिने. वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी आधीच भरलेली. किंमत वाढेल, मान्य, पण आजारपणात गाळ्याचं एक शटर विकता येत नाही.

वेशीबाहेरचा
मेव्हण्यांचं बिल्डरशी काय नातं आहे?

ओसरी
साडू आहे.

खमंग_काकडी
संपला विषय.

मोजपट्टी
मग आकडे मांडतो, पटलं तर घ्या. ज्येष्ठ नागरिक योजना ३०, मासिक प्राप्ती जोडखातं १५. इथे महिन्याला २९,७५० झाले. रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे रोखे १० लाखांचे, सध्या ८.०५ टक्के. व्याज १ जानेवारी आणि १ जुलैला, दर वेळी साधारण ४० हजार. दर राष्ट्रीय बचत पत्राच्या वर ०.३५ असा दर सहामाहीला ठरतो, त्यामुळे दर चढले तर तुमचंही चढतं. मुदत ७ वर्षं, साठीनंतर सहा वर्षांनी सुटका, म्हणजे हे पैसे अडकलेच समजा. त्याचे महिन्याला ६,७०० धरले आणि पेन्शन ४ हजार, की ४० हजारांच्या थोडं वर.

राहिले २५. त्यातले ५ सहज मोडता येतील अशा एफडीत, दवाखान्यासाठी. २० वाढीसाठी.

पाच हजार कमी पडतात, हे माहीत आहे. ते २० लाखांतून काढायचा मोह होईल. काढायचेच तर वर्षाला ६० हजार म्हणजे ३ टक्के, ते चालेल.

नाममात्र
२० च्या २० बाजारात नकोत. १० लाखांची तीन वर्षांची एफडी करा. वहिनी साठच्या झाल्या की तेव्हाच ती मुदत संपेल आणि त्यांच्या नावे ज्येष्ठ नागरिक खातं उघडता येईल. दर तेव्हाचा मिळेल, पण खातं त्यांचं स्वतःचं असेल. त्या एफडीचं व्याज दरमहा घेतलं की तुमचे पाच हजारही जवळपास भरून निघतात. उरलेले १० इंडेक्स फंडात, एकदम नाही, दीड-दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने.

मोजपट्टी
हे माझ्यापेक्षा बरं आहे.

दर्यावर्दी
मी पण हेच सांगणार होतो.

साडेतीन_शहाणे
हो हो.

पोस्टमन
एक बारीक गोष्ट. ज्येष्ठ नागरिक खात्याचं व्याज तिथेच पडून राहिलं तर त्यावर व्याज मिळत नाही. उघडतानाच बचत खात्यात आपोआप जमा व्हायची सूचना लिहून द्या. आणि पहिल्या वर्षात खातं मोडलं तर दिलेलं व्याज कापून घेतात, एक ते दोन वर्षांत दीड टक्का, नंतर १ टक्का.

रानजाई
बँकेतल्या त्या मुलाचं काय झालं? आमच्या शेजारच्या काकांना एका बँकेत "एफडीसारखंच आहे" म्हणून विमा पॉलिसी दिली, दरवर्षी ५ लाख भरायचे, पाच वर्षं. काकांना वाटलं एकदाच भरायचेत. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, ते सव्वा महिन्यानंतर विचारायला आले. सही करायच्या कागदावर "प्रीमियम" हा शब्द दिसला की पेन खाली ठेवा.

ओसरी
त्याला सांगितलं की बायको ठरवते. तेव्हापासून फोन नाही.

ठरलं असं: मोजपट्टींचा हिशेब, नाममात्रांच्या दुरुस्तीसह. आरोग्य विमा याच महिन्यात. इंडेक्स फंडाच्या १० लाखांवर घरात अजून एकमत नाही, बायको म्हणते सोनं. तिला पाच सांगितले, ती सात म्हणतेय.

खमंग_काकडी
आठवर मिटेल.

नाममात्र
@ओसरी, सोनं घ्या पण त्यातून दरमहा काही येत नाही एवढं लक्षात ठेवा. दागिना तर नकोच, घडणावळ जाते.

सुईदोरा
एखादा घेऊ द्या हो.

ओसरी
आरोग्य विम्याचं बोलायला उद्या, शनिवारी, दोघं बँकेत जातोय. मुदत ठेवींच्या जुन्या पावत्याही नेतोय, नॉमिनी बघायला. मी बाहेर थांबेन.

पोस्टमन
उद्या दुसरा शनिवार आहे.

ओसरी
अरे देवा. सोमवारी.